आडव्या रेघा दोन, उभी एकच

४ फेब्रुवारी

मापांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे लिहितेय. समोरून उघडली तर गिऱ्हाइकांच्या छात्या आणि बाह्या, मागून उघडली तर मी. इथे कुणी डोकावणार नाही.

आज कारखान्याचा जिना उतरताना शेवटून चौथी पायरी दोन झाली. एकाखाली एक अशा दोन कडा. कुठल्या कडेवर पाय ठेवायचा ते ठरवेपर्यंत पाय पुढे गेला होता. कठडा हातात होता म्हणून पडले नाही, पण बसले ती दणकन. इस्त्रीवाले काका नेमके खालून वर येत होते.

"मास्तरबाई, काय झालं?"

"काही नाही, चप्पल अडकली."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि ते वर गेले. पायात बूट होते हे मला टेबलाशी पोचल्यावर आठवलं.

बावीस वर्षं मी इथे कापड कापते. शिवणाऱ्या सतरा जणी आहेत, कापणारी मी एकटी. माझ्या कात्रीखालून गेल्याशिवाय कुणाच्या मशीनवर काही जात नाही. मला एकाचे दोन दिसायला लागले तर सतरा जणी हातावर हात ठेवून बसतील. दमले असेन. बारा दिवसांपासून गळ्यात मानेचा पट्टाही आहे, त्याचा त्रास वेगळाच. मानेचे डॉक्टर म्हणाले, तुमची मान डावीकडे कलते म्हणूनच ती दुखते, सहा आठवडे सरळ ठेवा. आईला ते फार पटलं. "मी चाळीस वर्षं घसा कोरडा करतेय, ते फुकट. डॉक्टरांनी एकदा सांगितलं की लगेच पट्टा!"

५ फेब्रुवारी

आज सकाळी लवकर जाऊन तपास केला. टेबलावर जाड कागद पसरला आणि खडूने एक आडवी रेघ ओढली. दोन दिसल्या, मधे बोटभर अंतर. उभी ओढली तर एकच. दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा तेच. उजवा डोळा झाकला की खालची रेघ जाते आणि डावा झाकला की वरची. म्हणजे दोन्ही डोळ्यांना नीट दिसतं, फक्त दोघांचं आपसात पटत नाही. नाकासमोर बघितलं तर फरक कमी, पायाशी बघितलं तर जास्त. आणि कापणाऱ्या बाईला दिवसभर बघायचं असतं ते खालीच.

मग युक्ती सुचली. कापड फिरवायचं. जी रेघ कापायची ती माझ्यापासून दूर जाणारी, उभी करून घ्यायची. बाहीच्या मुंढ्याची गोलाई तेवढी छळते. उभी असते तोवर एक, आडवी व्हायला लागली की फाटे फुटतात. तिथे कात्री थांबवून कापड फिरवायचं. वेळ दीडपट लागला, पण सगळे तुकडे बरोबर निघाले.

कुणाला सांगायची गरज नाही.

८ फेब्रुवारी

वाद्यवृंदाचे चाळीस कोट आले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौकड्याचं कापड! एरवी मला चौकडा आवडतो. कोटाचे दोन्ही पुढे, म्हणजे छातीवरचे तुकडे, जुळले, बगलेची रेघ पाठीच्या रेघेत न तुटता गेली की ती कापणारीची सही असते. पण चौकडा म्हणजे आडव्या रेघांचा बाजार. वर मालकांनी सांगितलं की ज्या गिरणीने हे विणलं तिने ते माग काढून टाकले. चाळीस कोटांपुरतं कापड आहे, वर हातभरही नाही.

"चुकलं तर पुन्हा मिळणार नाही," मालक म्हणाले.

"मी कधी चुकलेय?" मी म्हटलं. बोलताना पट्ट्यात हनुवटी रुतली होती, त्यामुळे जरा जास्तच ताठ्यात निघालं.

११ फेब्रुवारी

चार कोट कापून झाले. इस्त्रीवाल्या काकांचं काहीतरी चाललंय. माझे कापलेले तुकडे मशीनवर जायच्या आधी ते आपल्या टेबलावर नेतात, टेप लावतात आणि ओलं फडकं टाकून बराच वेळ वाफ देत बसतात. न शिवलेल्या तुकड्यांना वाफ कशाला? मी विचारलं तर म्हणाले, "कापड नवीन आहे, बसवून घेतो." तीस वर्षं इस्त्री करणारा माणूस मला हे सांगतो! जिन्यावर पडताना बघितलं तेव्हापासून पाळत ठेवून आहेत. मालकांच्या कानावर घालायला पुरावा गोळा करत असणार.

पट्टा काढला की जरा बरं वाटतं, दिसायलाही सोपं जातं. पण तोच आळस नडतो. आजपासून कापतानाही काढणार नाही.

१३ फेब्रुवारी

घरून अस्तराच्या काळ्या कापडाची डोळ्यावर बांधायची पट्टी शिवून नेली. एका डोळ्याने सगळं एकच दिसतं, पण लांबी-खोली कळत नाही. चहा कपाच्या शेजारी ओतला. आई म्हणाली, "कप इकडे आहे." मी म्हटलं, "माहीत आहे, टेबल पुसायचं होतं."

१६ फेब्रुवारी

सातव्या कोटाचा उजवा पुढा चुकला.

खडूची खालची रेघ खरी धरली. ती खोटी होती. कात्री बगलेपासून खिशाच्या खालपर्यंत गेल्यावर हाताला कळलं, डोळ्यांना नाही. आडवी पट्टी पाठीच्या पट्टीपेक्षा बोटभर खाली. हे कापड पुन्हा येणार नाही.

तो तुकडा मी घडी घालून पिशवीत टाकला आणि घरी आणला. आत्ता तो समोर खुर्चीवर आहे. बावीस वर्षांत मी कारखान्यातून टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती.

१७ फेब्रुवारी

तुकडा परत नेला आणि मालकांच्या टेबलावर पसरला. बसून बोलले असते तर अर्धं पोटात राहिलं असतं, म्हणून उभ्यानेच सांगितलं. जिना सांगितला, रेघा सांगितल्या, डोळ्याची पट्टी सांगितली.

मालक तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काकांना हाक मारली. "आधीच्या सहा कोटांचं काय?"

आता काका सगळं ओकणार, मला वाटलं.

काका म्हणाले, "सहांत तीन जागी धाग्या-दोन धाग्यांचा फरक होता. लोकरी कापड आहे, वाफेवर ओढून बसवला. शिवल्यावर कुणाला दिसणार नाही. हा सातवा मात्र वाफेने बसण्यातला नाही."

"मला का नाही सांगितलंत?" मालकांनी विचारलं.

"त्या स्वतः सांगतील असं वाटलं. सांगितलंच की."

मला कुठे बघावं कळेना. मालक म्हणाले, "मास्तरबाई, या पुढ्याचं आपण बघू. कॉलर आणि खिशाची झाकणं निघतील यातून. पण तुम्ही डोळे दाखवल्याशिवाय या टेबलाला हात लावायचा नाही. कात्री मी ठेवून घेतो."

कात्री दिली. रस्ताभर हात हलका हलका लागत होता.

२१ फेब्रुवारी

डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. चष्म्याचा नंबर तोच. डॉक्टर तरुण होते, त्यांनी दोन दिसतात म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि साखर, रक्तदाब, डोकं कधी आपटलं का, पापणी पडते का, संध्याकाळी जास्त होतं का, सगळं विचारलं. रक्त घेतलं. मेंदूचा फोटो काढायला सांगितला. "घाबरू नका, खात्री करायची," म्हणाले. घाबरू नका म्हटल्यावर मी घाबरले. आईला काय सांगू? सांगितलं, चष्मा बदलायचाय.

२५ फेब्रुवारी

मेंदूचा फोटो स्वच्छ आहे, साखर, रक्तदाब ठीक. जीव भांड्यात पडला. घरी येईपर्यंत तो भांड्यातून बाहेरही आला. काही नाही तर मग हे काय आहे? तरुण डॉक्टरांना विचारलं, मी आता काय करायचं?

ते म्हणाले, "माझा अंदाज आहे, पण अंदाजावर तुम्हाला काही सांगणार नाही. डोळ्यांच्या हालचालींचंच काम करणाऱ्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चिठ्ठी देतो. त्यांची वेळ दीड महिन्याने मिळते."

मी तिथल्या बाकावर बसून फोन लावला आणि सांगितलं, कुणी आलं नाही तर मी अर्ध्या तासात पोचते, कुठल्याही दिवशी. रोज सकाळी आठला विचारणार आहे. पलीकडची मुलगी हसली. हसू दे.

३ मार्च

सहाव्या सकाळी जागा मिळाली. (त्या मुलीने माझा आवाज ऐकताच "या" म्हटलं, नाव विचारायच्याही आधी.)

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. बुटक्या, झटपट बोलणाऱ्या. मी खुर्चीत बसताच म्हणाल्या, "तो पट्टा काढा आधी. आणि आता मानेचा विचार न करता समोरच्या दिव्याकडे बघा. आरामात, घरी बसल्यासारखं."

मी बघितलं. त्या फक्त हसल्या. मग त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि डाव्या खांद्याकडे कलतं केलं.

"दिवे किती?"

"एक."

"आता?" उजव्या खांद्याकडे.

"दोन! आणि केवढे लांब!"

"पुन्हा डावीकडे."

"एक."

महिनाभर मी खडू आणि कागद घेऊन झटत होते आणि ही बाई नुसतं डोकं हलवून दिवे लावते, विझवते. पुढचा पाऊण तास त्यांनी डोळे आळीपाळीने झाकले, वर-खाली, डावी-उजवीकडे बघायला लावलं, काचेच्या तुकड्यांची शिडीसारखी पट्टी डोळ्यासमोर सरकवली आणि आकडे लिहीत गेल्या. मी म्हटलं, "आता मला समजेल असं सांगा. मी कापणारी आहे, कापडाच्या भाषेत सांगितलंत तरी चालेल."

त्यांनी कागदावर डोळा काढला. एकेका डोळ्याला सहा स्नायू. त्यातला एक आडमार्गाने जातो. डोळ्याच्या खोबणीत वर, नाकाच्या बाजूला एक बारीक कडी आहे, तिच्यातून तो वळून डोळ्याला मिळतो.

"नेफ्यातून नाडी जाते तसा," मी म्हटलं.

"अगदी! आणि ही नाडी ओढायचा हुकूम एक नस आणते. मेंदूतून निघणाऱ्या नसांतली चौथी. फार बारीक, आणि तिचा रस्ता लांबचा. तुमच्या उजव्या डोळ्याची ती नस कमजोर आहे. नाडी नीट ओढली जात नाही, म्हणून तो डोळा वर सरकतो, आणि खाली बघताना जास्तच. डोकं डावीकडे कलतं केलं की त्या नाडीवर भार पडत नाही, दोन्ही डोळे जुळतात."

"कशाने झाली कमजोर? जिन्यावर पडण्याआधी तर मी..."

"जन्मापासून असावी. तुमच्या डोळ्यांत हा फरक सांभाळून घ्यायची जितकी ताकद आहे तितकी महिन्याभरात येत नाही, चाळीस वर्षं लागतात. तुम्ही लहानपणापासून मान कलती ठेवून काम भागवत आलात. कुणी शिकवलं नाही, तुमचं तुम्हीच शोधलंत. वयाबरोबर ती ताकद थोडी ओसरली, त्यात हा पट्टा आला."

मी पट्ट्याकडे बघितलं. तो माझ्या मांडीवर होता.

"मानेच्या डॉक्टरांची चूक नाही," त्या म्हणाल्या. "मान खरंच दुखत होती. पण मान वाकडी होती ती डोळ्यासाठी. पट्ट्याने मान सरळ केली आणि डोळ्याचा आधार काढून घेतला. लहानपणचे फोटो असतील तर घेऊन या, मला खात्री करायचीय."

येताना बसमध्ये मान मुद्दाम कलती ठेवून बसले. समोरच्या खिडकीची आडवी दांडी एकच होती. लोकांना वाटलं असेल बाईला झोप लागलीय.

४ मार्च

आईला सगळं खरं सांगितलं आणि फोटोंचा डबा काढायला लावला. आम्ही दोघी टेबलाशी बसलो.

पाळण्यातली मी, डोकं डावीकडे. दादाच्या कडेवर मी, डोकं डावीकडे. शाळेच्या वर्गाचा फोटो, चाळीस मुली रुळासारख्या सरळ आणि दुसऱ्या रांगेत मी कललेली. कारखान्याचं ओळखपत्र, तेच. एकाच फोटोत मान ताठ आहे, नऊ वर्षांची असताना स्टुडिओत काढलेला. भिंग लावून बघितलं. त्यात उजवं बुबुळ डाव्यापेक्षा वर आहे! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. म्हणजे सगळं जुळतंय, चौकड्यासारखं.

"आई, बघ ना, इथे बघ!"

आईने तो फोटो हातात घेतला, उलटा ठेवला आणि भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी फोटो रांगेत मांडले आणि माझ्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित लहान आहे हेही दाखवलं. वर्षानुवर्षं मान कलती राहिली की असं होतं म्हणे. सत्तेचाळीस वर्षं आरसा बघतेय, कधी लक्षात आलं नाही.

पट्टा बंद. मानेला शेक आणि हलका व्यायाम. चष्म्याच्या उजव्या काचेवर एक पातळ, आडव्या बारीक रेघांची पट्टी चिकटवून दिली. ती प्रकाश वाकवते आणि खालची प्रतिमा वर उचलते. समोर बघताना एकच दिसतं, थोडं धुरकट. खाली मात्र अजून दोन, पण जवळजवळ.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"बहुधा. पण घाई नको. तीन महिने आकडे स्थिर राहतात का ते बघू. तुम्ही नोंद ठेवा, रोज एकाच वेळी, एकाच अंतरावरून, दोन रेघांत किती फरक आहे."

नोंद ठेवायला सांगताय कुणाला!

१५ मार्च

मालकांनी कात्री परत दिली. अट अशी की सकाळचे दोन तासच, आणि प्रत्येक तुकडा काका मोजणार. मी म्हटलं, ते मोजतातच.

घरी आईचा अबोला चाललाय. विचारलं की "काही नाही". दादाकडे ते फोटो पाठवू म्हटलं तर डबा उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली. आधी चष्म्याचं खोटं सांगितलं म्हणून रुसली असणार. वय झालं की माणूस लहानसहान गोष्टी धरून बसतो. आणखी एक, दहा दिवसांत तिने मला एकदाही "मान सरळ कर" म्हटलं नाही. तब्येत बरी नसावी. तिची साखर तपासून घ्यायला हवी.

२ एप्रिल

चाळीस कोट झाले. सातव्याचा नवा पुढा कसा निघाला ते लिहून ठेवते, कारण रात्रभर स्वप्नातही तेच कापत होते. उरलेल्या सगळ्या चिंध्या मी आणि काकांनी जमिनीवर मांडल्या. दोन तुकडे असे सापडले की खिशाच्या झाकणाखाली जोड लपेल. मी मान कलती करून रेघ ओढली, काकांनी टेप लावला. मी म्हटलं, "सांगा." ते म्हणाले, "कापा." कापलं. शिवणाऱ्या बाईने जोड दिला, काकांनी वाफ दिली, आणि मालकांना चाळीस कोटांतून सातवा शोधायला सांगितलं. त्यांनी एकोणिसावा काढून दिला.

काकांना म्हटलं, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय."

"ठेवत होतोच," ते म्हणाले आणि पाण्याचा फवारा भरायला गेले.

१९ एप्रिल

आईची साखर ठीक निघाली. दवाखान्यातून येताना बागेतल्या बाकावर बसलो. तिथे ती आपणहून बोलली.

"ती रिबीन आठवते तुला?"

"कुठली?"

"तू अभ्यासाला बसलीस की तुझी वेणी मी रिबिनीने खिडकीच्या गजाला बांधायची. मान कलली की ओढ बसावी म्हणून. दोन वर्षं बांधत होते."

मला रिबीन आठवत होती, निळी. पण ती मला खेळासारखी आठवत होती.

"तू रडायचीस," आई म्हणाली. "तू म्हणायचीस, आई, मान सरळ केली की ओळी हलतात, एकावर एक चढतात. मी म्हटलं, अभ्यासाची चोरी. दोन थपडा दिल्या होत्या एकदा. तू सांगत होतीस गं. सात वर्षांची पोर मला नीट सांगत होती आणि मी..."

हे मला अजिबात आठवत नाही. मी सांगितलं होतं! कुणाला काही कळायच्या चाळीस वर्षं आधी मी सांगितलं होतं.

खोटं कशाला लिहू, मला राग आला. तिथेच, बाकावर, छातीतून वर आला. शेजारी ती हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत होती, सोडत होती. एकोणऐंशी वर्षांचे हात. दीड महिना ही बाई हे एकटी पोटात घेऊन घरात फिरत होती आणि मी तिची साखर तपासत होते.

थोड्या वेळाने म्हटलं, "आई, तेव्हा डॉक्टरांनाही कळलं नसतं."

"मला कळायला पाहिजे होतं. मी आई आहे."

"हो," मी म्हटलं. "कळायला पाहिजे होतं." तिने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणून तिची समजूत काढली असती तर ती तिला पटली नसती, आणि मलाही. "पण आता कळलंय ना? मग कामाला लाग. रोज सकाळी भिंतीवरच्या एका रेघेच्या मला ज्या दोन दिसतात, त्यांतलं अंतर मला एकटीला मोजता येत नाही, मी जवळ गेले की अंतर बदलतं. मी खुर्चीवरून सांगेन, तू मोजपट्टी धर."

"मला जमेल?"

"पट्टीच तर धरायचीय."

२० एप्रिल

सकाळी सात. आईने पट्टी धरली. चौदा मिलिमीटर. तिने तीन वेळा विचारलं, "नक्की?"

१० जून

पन्नास दिवसांचे आकडे. तेरा ते पंधराच्या मधेच. आईचं अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्या पानांचंच कौतुक केलं. आई खुर्चीत एक वीत उंच झाली.

आता निर्णय. बिघडलेली नस दुरुस्त करता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्या नाडीच्या विरुद्ध ओढणारा जो स्नायू आहे, डोळ्याच्या खालचा, तो आता वरचढ झालाय. तो डोळ्यावर जिथे जोडलेला असतो तिथून सोडवायचा आणि थोडा मागे नेऊन टाके घालायचे, म्हणजे त्याची ओढ कमी होते.

"टीप उसवून मागे घ्यायची," मी म्हटलं.

"तेच. पण कापड जिवंत आहे. थोडं कमी पडू शकतं, थोडं जास्त होऊ शकतं. दहातल्या एकाला पुन्हा टेबलावर यावं लागतं. आणि सगळ्या दिशांना एकच दिसेल असं वचन मी देत नाही. समोर आणि वाचायच्या जागी एकच दिसावं, हा माझा प्रयत्न."

दादा फोनवर म्हणाला, "चष्म्याने भागतंय ना? मग डोळ्याशी खेळ कशाला?" त्याला म्हटलं, माझं दिवसाला दोन तास भागतं. उरलेले सहा तास मी काय करू, कात्रीला तेल लावत बसू? आईने कॅलेंडरवर तारीख लिहिली. ८ जुलै.

७ जुलै

उद्या. भीती वाटतेय. डोळ्यात सुई जाणार. सुया मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांत घालतेय. तरीही जाणार. कारण न जाता मला काय मिळेल ते मला ठाऊक आहे.

९ जुलै

मोठ्या अक्षरांत लिहितेय. डोळा लालबुंद. पूर्ण भूल होती, काही कळलं नाही. पट्टी काढल्यावर दिवे दोन, आणि दुसरा आता भलतीकडेच, वर!

११ जुलै

अजून दोन. डॉक्टरीणबाई म्हणतात सूज आहे, दोन आठवडे थांबा. आई रोज पट्टी धरते. आज मी तिच्यावर ओरडले, "राहू दे आता, काय मोजायचंय!" तिने पट्टी खाली केली नाही. "आकडा सांग," म्हणाली. सहा मिलिमीटर, उलट बाजूला. तिने लिहून घेतला.

१४ जुलै

चार.

१७ जुलै

दोन. सकाळी. संध्याकाळी तीन. आईने दोन्ही लिहिले.

२१ जुलै

आज सकाळी भिंतीवर एकच रेघ होती. डोळे मिटून पुन्हा उघडले, तरी एकच. आई पट्टी धरून उभी होती, पट्टी कुठे लावू विचारत होती. मी म्हटलं, "लावायला जागाच नाहीये, आई."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पट्टी नीट टेबलावर ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि भिंतीजवळ जाऊन ती रेघ स्वतः बघून आली, जणू ती दोनाची एक झाल्याचं तिलाही दिसणार होतं.

३० ऑगस्ट

शेवटची तपासणी. समोर एक, खाली एक, वाचताना एक. मान आता नव्वद टक्के सरळ असते, उरलेली सवय आहे, ती जाईल तेव्हा जाईल. मानेचं दुखणं निम्म्यावर आलंय.

मग डॉक्टरीणबाईंनी पेन अगदी खाली, डावीकडे, कोपऱ्यात नेलं. तिथे अजून दोन झाली. त्यांनी पुन्हा नेलं, पुन्हा दोन.

"हा कोपरा राहील," त्या म्हणाल्या. बोलायला त्यांना जड जात होतं. "आणखी ओढलं तर समोरचं बिघडेल. मी इथे थांबायचं म्हणते."

"केवढा कोपरा आहे?"

त्यांनी बोटांनी दाखवला.

"एवढा?" मी म्हटलं. "शिवणीसाठी एवढं मार्जिन मी नेहमीच सोडते."

त्या मोठ्याने हसल्या, आणि मी तिथूनच कारखान्यात गेले. दुपारचे बारा वाजले होते. मालकांनी टेबलावर पट्ट्यापट्ट्यांचं नवं थान टाकून ठेवलं होतं, छत्तीस पडद्यांचं काम. मी थान उलगडलं, कात्री घेतली आणि संध्याकाळी सहापर्यंत कापलं. काका एकदाही मोजायला आले नाहीत.